मनगटावरचे घड्याळ इशारा देईल. पण तो ऐकणार कोण?

सातारा/सांगली - प्रतिनिधी

पावसाळा सरत आला की साताऱ्यात हिल मॅरेथॉनचे वारे वाहू लागतात. २०१२ पासून भरणाऱ्या या स्पर्धेत यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या धावपटूंच्या मनगटावर आता पावले, नाडीचे ठोके आणि झोपेचे तास मोजणारे पट्टे सर्रास दिसतात. सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांच्या हातांवरही ते पोचले आहेत. दोन-अडीच हजारांत मिळणारे आणि बहुतांशी हौसेखातर घेतलेले हे उपकरण एका गंभीर मनोविकाराची चाहूल देऊ शकेल काय, या प्रश्नावर जगभरातील संशोधक काम करीत आहेत. तो विकार म्हणजे 'बायपोलर डिसऑर्डर', मराठीत द्विध्रुवी मनोविकार.

गेल्या काही वर्षांतील निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र सातारा आणि सांगलीसारख्या जिल्ह्यांपुढचा खरा प्रश्न संशोधनाचे निबंध जिथे संपतात तिथून सुरू होतो. पट्ट्याने धोका ओळखला, तर पुढचे पाऊल कोणी उचलायचे? आणि ज्याच्या मनगटावर तो पट्टा आहे, त्याला विचारून की न विचारता?

आधी झोप जाते

या विकारात रुग्ण दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. उन्मादाच्या काळात उत्साह अनावर होतो, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो, दोन-तीन तासांची झोपही पुरेशी वाटते. नैराश्याच्या काळात अंथरुणातून उठण्याचेही बळ राहात नाही. उन्मादाचा झटका किमान आठवडाभर आणि नैराश्याचा किमान दोन आठवडे टिकला तर निदानाचा निकष पूर्ण होतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात अनेक रुग्ण नोकरी, शेती, संसार व्यवस्थित सांभाळतात. त्यामुळेच पुढचा झटका केव्हा येणार, ही टांगती तलवार घरावर कायम राहते.

उन्मादाचे रूप नजरेत भरते, नैराश्याचे दिवस मात्र संख्येने कितीतरी अधिक असतात. अमेरिकेत पहिल्या प्रकारच्या बायपोलर विकाराच्या १४६ रुग्णांचा सरासरी १३ वर्षांच्या आसपास पाठपुरावा करण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार रुग्णांचे सुमारे ३२ टक्के आठवडे नैराश्याच्या लक्षणांत आणि जेमतेम ९ टक्के आठवडे उन्मादाच्या लक्षणांत गेले. उन्मादात दुकान मोडणाऱ्या माणसाची गावभर चर्चा होते. महिनोन्‌महिने खोलीत पडून राहणाऱ्याला 'आळशी' म्हणून विषय संपवला जातो.

या दोन्ही टोकांना जोडणारा दुवा म्हणजे झोप आणि हालचाल. झोप कमी होणे हे उन्मादाचे केवळ लक्षण नसून त्याचे कारणही असू शकते, अशी मांडणी अमेरिकेतील संशोधक थॉमस वेर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच केली होती. प्रवास, बाळंतपण, घरातील मृत्यू, अशा निरनिराळ्या कारणांनी झोप मोडते आणि मोडलेली झोप उन्मादाला वाट करून देते, असे तिचे सूत्र होते. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा उन्मादाच्या मुख्य निकषात मनःस्थितीच्या बदलाबरोबरच वाढलेल्या हालचालीचा आणि ऊर्जेचा समावेश झाला. मन कसे आहे हे विचारावे लागते, हालचाल मात्र मोजता येते. मनगटी पट्ट्याचा मानसोपचारात प्रवेश झाला तो याच दारातून.

पट्टा काय मोजतो, काय मोजत नाही

पट्ट्याच्या आत त्वरण मोजणारा एक चिमुकला भाग असतो. हात किती जोराने, कोणत्या दिशेला आणि किती वेळा हलला, याची तो क्षणाक्षणाला नोंद करतो. त्या नोंदींवरून पावले काढली जातात आणि हात बराच वेळ स्थिर राहिला की व्यक्ती झोपली, असे अनुमान केले जाते. त्वचेवर पडणाऱ्या हिरव्या प्रकाशावरून नाडीचे ठोके मोजले जातात.

मर्यादा इथेच सुरू होते. नैराश्याने ग्रासलेला माणूस पहाटे तीनला जागा होऊन छताकडे बघत निपचित पडला असेल, तर पट्ट्याच्या लेखी तो झोपलेला असतो. स्वस्त पट्ट्यांत हे अनुमान कोणत्या गणिताने निघते, हे कंपन्या उघड करीत नाहीत. 'अॅप' अद्ययावत झाले की गणितही बदलू शकते. काल सहा तास दाखवलेली झोप आज साडेपाच तास झाली, तर फरक माणसात पडला की यंत्रात, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. त्यामुळे काटेकोर अभ्यासांत बहुधा संशोधनासाठीच बनवलेली वेगळी, महागडी उपकरणे वापरली जातात.

आकडे आशादायक, तरीही...

अमेरिकेतील कॅथलीन मेरिकांगस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४२ प्रौढांच्या हालचाली, ऊर्जा, मनःस्थिती आणि झोप यांची दोन आठवडे नोंद घेण्यात आली. यापैकी ५४ जण बायपोलर विकाराचे होते. हालचाल वाढली की पुढच्या काही तासांतली मनःस्थिती बदलते, परंतु मनःस्थितीवरून पुढच्या हालचालीचा अंदाज येत नाही, असे या अभ्यासात दिसले. मन आधी आणि शरीर मागून, या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांनी ५४ रुग्णांना नऊ महिने 'फिटबिट' हा बाजारात मिळणारा पट्टा वापरायला दिला. नैराश्याची लक्षणे सुमारे ८० टक्के आणि उन्मादाची सुमारे ८९ टक्के अचूकतेने ओळखता आल्याचे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील संशोधकांनी मनोदशा-विकारांच्या १६८ रुग्णांच्या केवळ झोपण्या-उठण्याच्या नोंदींवरून पुढच्या झटक्याचा अंदाज बांधून दाखवला. रुग्णाचे जैविक घड्याळ मागे सरकले की नैराश्याचा आणि पुढे सरकले की उन्मादाचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले.

तरीही या यशाकडे सावधपणेच पाहावे लागते. धोका ओळखणे आणि धोका टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कमध्ये 'मोनार्का' या नावाने झालेल्या दुसऱ्या चाचणीत १२९ रुग्णांपैकी काहींना स्मार्टफोनवरून रोजच्या नोंदी ठेवण्याची आणि त्यावर परिचारिकेकडून प्रतिसाद मिळण्याची सोय देण्यात आली, इतरांना नेहमीचे उपचार मिळाले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा उन्माद किंवा नैराश्याच्या तीव्रतेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नोंद ठेवणाऱ्यांचे जीवनमान थोडे सुधारले आणि ताण कमी जाणवला, एवढेच पदरी पडले. २०१५ च्या पहिल्या चाचणीत तर नोंदी ठेवणाऱ्या काही रुग्णांत नैराश्याची लक्षणे वाढल्याची शंका आली होती. दररोज स्वतःच्या मनाचा ताळेबंद मांडत बसणे प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवेल असे नाही. कोपनहेगनसारख्या सुसज्ज शहरात हे घडले, याची नोंद इथे घेतलेली बरी.

तेरा इशारे, त्यांपैकी दहा खोटे

'नव्वद टक्के अचूक' हे शब्द ऐकायला भारदस्त वाटतात. एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एखाद्या तालुक्यात १०० रुग्णांना पट्टे दिले आणि एखाद्या आठवड्यात त्यांपैकी तिघांना उन्माद सुरू होत आहे. पट्टा आजारी असलेल्यांपैकी ९० टक्के बरोबर पकडतो आणि ठीक असलेल्यांपैकी १० टक्के लोकांबाबत चुकतो, असे धरले तर जवळजवळ तिन्ही रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९७ जणांपैकी सुमारे दहा जणांबाबतही घंटा वाजेल. म्हणजे आठवड्याला तेरा इशारे आणि त्यांतले दहा खोटे.

आरोग्यसेविकेने या दहा घरांची पायरी विनाकारण चढायची, शेजाऱ्यांनी कारण विचारायचे आणि घरच्यांनी पुन्हा एकदा संशयाने पाहायचे. चौथ्या आठवड्यापासून घंटेकडे कोणी लक्ष देत नाही, आणि पाचव्या आठवड्यात ती खरी असते.

रात्रीचे पाणी आणि वारीची वाट

बोस्टन किंवा सोल येथील माणसांच्या सवयींवर घडवलेले गणित कृष्णाकाठी जसेच्या तसे लागू होईल, असे मानणे धाडसाचे आहे. कृषिपंपांना जिथे अजून रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तिथे शेतकरी उसाला पाणी द्यायला मध्यरात्री बॅटरी घेऊन शिवारात जातो. पट्ट्याला दिसेल ते एवढेच: माणूस दोन वाजता उठला, चार तास चालला, झोपला नाही. साखर कारखान्यात हंगामभर पाळ्या बदलतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. या सर्वांच्या नोंदी यंत्राला उन्मादासारख्या भासू शकतात.

आषाढाच्या तोंडावर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटणमार्गे पुढे जाते. तिच्याबरोबर निघालेल्या वारकऱ्याच्या पावलांचा आलेख एका दिवसात अनेक पटींनी चढतो आणि झोपही अपुरी होते. गणेशोत्सवातील विसर्जन, नवरात्रातील जागर, जागरण-गोंधळ, लग्नसराई, या सगळ्यांचा रात्रीशी संबंध आहे.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. बायपोलर विकाराच्या रुग्णासाठी सलग दोन-तीन रात्रींचे जागरण खरोखरच धोक्याचे असते. जे यंत्राला चुकवते, तेच रुग्णाला आजाराच्या दिशेने ढकलूही शकते. जागरण धार्मिक आहे, कामाचे आहे की आजाराचे, हा निवाडा आलेख करू शकत नाही. तो त्या घराला आणि त्या रुग्णाला ओळखणारा माणूसच करू शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा असंख्य कुटुंबांची झोप, औषधे आणि वीज एकाच वेळी गेली. अशा दिवसांत रुग्ण सर्वाधिक असुरक्षित असतो आणि नेमका तेव्हाच पट्टा चार्ज करायला वीज नसते.

दोन जिल्ह्यांचा हिशेब

'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे ०.३ टक्के व्यक्तींना त्या काळात बायपोलर विकार होता, तर आयुष्यात कधी ना कधी तो होऊन गेलेल्यांचे प्रमाण ०.५ टक्के होते. अशा रुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जण उपचारांपासून दूर असल्याचेही त्यात नमूद आहे. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे प्रमाण इथे लावताना ते अंदाजापुरतेच घ्यावे लागेल. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या, तर सांगलीची २८ लाखांच्या घरात होती. त्यांतील प्रौढ सुमारे ४० लाख धरले, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून १२ हजारांच्या आसपास रुग्ण असावेत आणि त्यांतले आठ हजारांहून अधिक उपचारांविना असावेत, असा ढोबळ हिशेब निघतो.

या आठ हजारांच्या दृष्टीने पट्टा ही फार पुढची गोष्ट आहे. ज्याचे निदानच झालेले नाही, त्याच्या मनगटावर इशारा देणारे यंत्र बांधून उपयोग नाही. सरकारची पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये या दोन जिल्ह्यांच्या बाहेर आहेत. मिरज हे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय सुरू केले तेव्हापासून वैद्यकीय पंढरी मानले जाते. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडजवळ कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यातही अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु सेवा कृष्णेच्या आणि महामार्गाच्या काठाने एकवटलेल्या आहेत. पूर्वेकडील जत, आटपाडी, माण, खटाव किंवा पश्चिमेकडील पाटण, जावळीच्या डोंगरातून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचायचे तर एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे एसटीचे भाडे मोजावे लागते. दर पंधरा दिवसांनी हे परवडत नाही. मग औषध बंद होते, आणि झटक्याचे ते एक मोठे निमित्त ठरते.

नोंद कोणाच्या मालकीची?

पट्ट्याची नोंद प्रथम फोनवर आणि तेथून कंपनीच्या संगणकावर जाते. त्या नोंदीत माणूस किती वाजता झोपला, केव्हा उठला, किती दिवस घराबाहेर पडला नाही, याचा इतिहास असतो. बायपोलर विकाराच्या बाबतीत हा इतिहास म्हणजे जवळपास रोगवृत्तांतच. विमा कंपनी, नोकरी देणारा, स्थळ पाहायला आलेली मंडळी, यांपैकी कोणाच्या हाती तो पडला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते. मनगटावरची नोंद उद्या कौटुंबिक वादात पुरावा म्हणून पुढे केली जाण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही. त्याची सर्वाधिक झळ विवाहित स्त्रियांना बसेल, हेही उघड आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने रुग्णाला आपल्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांनी मनोविकाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे बंधन घातले. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ठरली. कागदावरची ही तटबंदी मजबूत आहे. परंतु 'मला मान्य आहे' या चौकोनावर न वाचता बोट टेकवणाऱ्या ग्राहकापर्यंत तिचा अर्थ पोचलेला नाही.

घरातील नात्यांचा प्रश्न कायद्याहून नाजूक आहे. इशारा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर गेला, तर काळजीचे रूपांतर पाळतीत व्हायला वेळ लागत नाही. एखादी सून एखाद्या दिवशी मनापासून हसली, उशिरापर्यंत बोलत बसली, तरी सर्वांचे डोळे तिच्या मनगटाकडे वळावेत, हे उपचारात बसत नाही. आनंदी होण्याचीही चोरी झालेला रुग्ण सर्वप्रथम पट्टा काढून ठेवील आणि त्यानंतर गोळ्या.

उपाय कायद्यातच आहे

यावरचा मार्ग २०१७ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात दडलेला आहे. आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधीही तिला नेमता येतो. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे. 'माझी झोप सलग तीन रात्री चार तासांखाली गेली तर प्रथम मला विचारावे, मग माझ्या बहिणीला कळवावे, डॉक्टरांना फोन करावा, परंतु माझ्या मालकाला सांगू नये', असे रुग्ण बरा असताना स्वतःच ठरवू शकला, तर पट्टा त्याच्या बाजूने उभा राहतो. कोणती खूण धोक्याची मानायची, हेही मग कंपनीऐवजी रुग्ण आणि त्याचा डॉक्टर मिळून ठरवतील.

दुसरी गरज आहे इशारा ऐकणाऱ्या माणसाची. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या साताऱ्याच्या 'परिवर्तन' संस्थेने 'मानसमित्र' ही कल्पना रुजवली आहे. प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते अडचणीतील माणसाला भावनिक प्रथमोपचार देतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे पाठवतात. गावोगावी आशा सेविका आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची यंत्रणा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे. या चार कड्या आज सुट्या आहेत. त्या एकमेकींत अडकवल्या, तर जतच्या रुग्णाला मिरजेची फेरी न मारता औषधाची मात्रा तपासून घेता येईल. अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून मोफत मिळावीत, असे कायदाच सांगतो आणि या विकारावरचे जुने, खात्रीचे लिथियम राष्ट्रीय यादीत आहे. ते ग्रामीण रुग्णालयात नियमित मिळणे आणि त्याची रक्तातील पातळी जवळच तपासता येणे, ही पट्ट्याच्या आधीची पायरी आहे.

ज्यांना पट्टा परवडत नाही, त्यांच्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर आहे. रोज झोपण्याची आणि उठण्याची वेळ त्या चौकोनात लिहायची, गोळी घेतली की खूण करायची. मानसोपचारात मनःस्थितीच्या अशा तक्त्यांची परंपरा जुनी आहे. पुढच्या भेटीला ते पान डॉक्टरांसमोर ठेवले, तर 'बरं आहे' या दोन शब्दांपेक्षा त्यातून पुष्कळ काही कळते. पट्टा हीच नोंद न कंटाळता ठेवतो, आणि त्याचा खरा उपयोग एवढाच आहे. आजाराची पहिली खूण आजही घरातील माणसालाच दिसते. पहाटे तीनला माजघरातला दिवा लागलेला कोणीतरी पाहिलेला असतो. तो दिसल्यावर कोणाला फोन करायचा, हे त्या घराला ठाऊक असेल आणि पलीकडून फोन उचलला जाईल, अशी व्यवस्था उभी राहिली, तरच मनगटावरच्या यंत्राच्या इशाऱ्याला अर्थ येईल.